गरम पाण्याला न जुमानणारी खळ

मागच्या महिन्यात मला खोली सोडायची होती. इथे जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असू शकतं, माझं तेवढंच होतं. ठरलं असं होतं की भिंतीवरचा जुना कागद काढायचा, भिंत रंगवायची आणि मग किल्ली द्यायची. नाहीतर खर्च डिपॉझिटमधून जाणार. हाताशी चार दिवस होते आणि त्यातले दोन मी वाया घालवले. ते कसे गेले हे तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मी अगदी याच जातीची चूक करून काही महिने घालवले होते.

आधी तो कागद कसला ते सांगते. त्याला इथे ‘राउफाझर’ म्हणतात. कागदाच्या थरांमध्ये लाकडाचा भुसा दाबलेला असतो, त्यामुळे भिंत हाताला खडबडीत लागते. ह्यूगो एर्फुर्ट नावाच्या औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये तो बनवला. सुरुवातीला दुकानांच्या काचेमागची सजावट म्हणून तो वापरत. घरांच्या भिंतींवर तो आला १९२० च्या दशकात, आणि मग इथल्या घराघरांत पसरला, कारण त्याच्यावर पुन्हा पुन्हा रंग मारता येतो. माझ्या खोलीत निदान तीन हात मारलेले होते.

‘गरम पाणी मार, आपोआप सुटेल,’ असं मला तिघांनी सांगितलं. मी किटली उकळत राहिले, स्पंजने भिंत पुसत राहिले, पट्टीने खरवडत राहिले. नखाएवढे तुकडे निघत होते. दुसऱ्या रात्री खांदा भरून आला, पण जेमतेम पलंगाएवढी भिंत मोकळी झाली होती.

मग बसून विचार केला. मी दोन वेगळे प्रश्न एकात कालवले होते. पाणी खळीपर्यंत पोचतंय का, हा एक. पोचल्यावर खळ विरघळते का, हा दुसरा. काम अडलंय एवढं दिसत होतं, पण कुठल्या पायरीवर अडलंय हे मी पाहिलंच नव्हतं. रसायनशास्त्रात याला वेग ठरवणारी पायरी म्हणतात. ती सापडेपर्यंत बाकीच्या पायऱ्यांवर कितीही घाम गाळा, फरक पडत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर डोळ्यांसमोर होतं. पाणी भिंतीवरून ओघळून जमिनीवर येत होतं! भिंतीचा इमल्शन रंग वाळला की पॉलिमरची सलग फिल्म होते. तीन हात म्हणजे भिंतीने रेनकोटच घातलेला. त्यात विसरणाचा, म्हणजे डिफ्यूजनचा, हिशेब असा की थर दुप्पट जाड झाला तर पाणी पार जायला साधारण चौपट वेळ लागतो. थोडक्यात, दहा मिनिटं थांबून खरवडायला लागणं हा निव्वळ आततायीपणा होता.

दुसरा प्रश्न जास्त मजेदार आहे. आपल्याकडे आकाशकंदिलाला मैद्याची खळ लावतात, ती स्टार्चची. जुन्या घरांत भिंतीचे कागदही अशाच खळीने चिकटवायचे. वाळलेल्या स्टार्चला गरम पाणी मानवतं. रेणूंच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल होतात, पाणी आत शिरतं, खळ फुगते. पण आजकालची बरीच खळ मेथिलसेल्युलोजची असते. सेल्युलोज, म्हणजे कापूस किंवा लाकूड, पाण्यात विरघळत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांच्यावर जागोजागी मेथिल गट बसवले की ती शिस्त मोडते आणि पाण्याला वाट मिळते. गंमत अशी की ही वाट थंड पाण्यासाठीच आहे. तापवलं की मेथिल गटांभोवतीचं पाणी दूर होतं, ते गट एकमेकांना चिकटतात आणि साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास द्रावणाची जेली होते. पटत नसेल तर या खळीची पूड थंड पाण्यात कालवून वाटी गरम करून बघा. पारदर्शक खळ पांढरी पडून घट्ट होते आणि थंड झाली की परत पातळ होते. मी स्वयंपाकघरात हे तीनदा केलं, एवढं ते बघायला छान वाटतं.

मग माझ्या भिंतीवर कुठली? आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो हे शाळेत शिकलोच आहोत. जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन पाण्यात पातळ केलं आणि निघालेल्या कागदाच्या मागच्या बाजूला थेंब टाकला. निळा! मी खूश. पाच मिनिटांनी शंका आली म्हणून कागदाच्या मधल्या थरावर, जिथे खळ लागलेलीच नव्हती, तिथे थेंब टाकला. तोही निळा. कागद बनवतानाच त्यात स्टार्च घालतात, आणि मी तपासत होते तो कागद, खळ नव्हे. हा दुसरा थेंब टाकला नसता तर मी पुढचे दोन दिवसही किटलीच उकळत बसले असते.

मग नीट केलं. ओल्या भिंतीवरचा बुळबुळीत थर चमच्याने खरवडून बशीत घेतला. शेजारी भाताची पेज, कारण आयोडीन चालतंय हे कळायला हवं. आणि तिसऱ्या बशीत नुसतं पाणी. पेज काळीनिळी झाली, बाकी दोन्ही तपकिरीच राहिल्या. म्हणजे स्टार्च नाही. वाटीतला थर तापवल्यावर पांढरा पडला, तेव्हा मेथिलसेल्युलोजचा संशय बराच पक्का झाला.

(हे अगदी काटेकोर नाही. जड कागदासाठीच्या खळीत कृत्रिम रेझिनही मिसळतात. आपल्याकडे कोणी फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने कागद चिकटवला असेल, तर तो वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, फक्त मऊ पडतो. तिथे खरवडण्याला पर्याय नाही.)

तिसऱ्या दिवशी काय केलं ते सांगते. आधी त्या खोलीचा फ्यूज बंद केला, कारण ओली भिंत आणि प्लगचे पॉइंट यांचं जमत नाही. काट्यांचा रूळ फिरवून रंगाच्या फिल्मला भोकं पाडली. हलक्या हाताने, नाहीतर खालचं प्लास्टर उखडतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले, म्हणजे पृष्ठताण कमी होऊन पाणी भोकांत शिरतं. आणि त्याच पाण्यात चिमूटभर नवी खळ! इथले रंगारी असं करतात. खळ काढायला खळ, हे ऐकून मी हसले होते, पण पाणी दाट झालं की ओघळत नाही, भिंतीला धरून राहतं. वरून पातळ प्लास्टिक चिकटवलं, म्हणजे वाळणार नाही. मग अर्धा तास हात न लावता बसले, हे सगळ्यात अवघड. पुन्हा एकदा ओलं केलं, पुन्हा थांबले. त्यानंतर कागद हातभर लांबीच्या पट्ट्यांनी निघाला.

तुमच्याकडे भिंत जिप्सम बोर्डची असेल तर इतकं पाणी नको, बोर्डाचाच कागद सुटून येईल. आणि फार जुन्या घरात कागदाखाली ऑइलपेंट दिसला तर सुकं घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

कागद गेला तरी खळ उरते, आणि ती दिसत नाही. ओल्या बोटाने भिंत चोळली आणि बोट बुळबुळीत झालं तर ती आहे. तिच्यावर रंग मारला तर रंगातल्या पाण्याने ती फुगते, वाळताना आकसते आणि रंगाला भेगा पाडते. मी पाणी बदलत तीनदा भिंत धुतली, रात्रभर वाळवली आणि चौथ्या दिवशी रंगवली.

हीटरच्या मागे हात पोचत नव्हता. तिथे बोट फिरवून पाहिलं नाही, एकदाच स्पंज मारला. किल्ली द्यायच्या सकाळी नेमक्या तिथेच, तळहाताएवढ्या जागेत, रंगाला बारीक जाळी पडलेली होती.