एक सेंटिमीटरची पट्टी

५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा एका छोट्या लक्ष्यात ओतली आणि आतल्या इंधनाच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. पेपरांत मथळे झळकले, मंत्र्यांची भाषणं झाली. आमच्या संपादकांनाही अणुसंमीलनावर लेख हवा होता. अट एकच, ‘कृत्रिम सूर्य’ हे शब्द नकोत.

सूर्य टाळायचा म्हटल्यावर मी हिशेबाकडे वळलो. हे २.०५ मेगाज्यूल तयार करायला त्या यंत्रणेने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खाल्ली होती. या यंत्रणेचं, म्हणजे नॅशनल इग्निशन फॅसिलिटीचं, बांधकाम १९९७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये पुरं झालं. निओडिमियम मिसळलेल्या काचेच्या लाद्यांना ऊर्जा द्यायला तिथे ७,६८० झेनॉन दिवे बसवले आहेत. हे दिवे पांढरा लख्ख प्रकाश टाकतात. निओडिमियम त्यातल्या मोजक्या रंगांचे पट्टे उचलतं, उरलेल्या प्रकाशाची बव्हंशी उष्णता होते. मग पुढच्या माऱ्याआधी काच थंड व्हायला तासन् तास जातात. प्रयोगाला हे चालतं. वीजकेंद्राला मात्र असा मारा सेकंदाला दहा-पंधरा वेळा, रात्रंदिवस करावा लागेल.

निओडिमियमला हवा तोच रंग, हवा तेवढाच वेळ देणारा प्रकाशस्रोत म्हणजे लेझर डायोड. विजेतला निम्म्याहून जास्त वाटा तो प्रकाशात बदलतो. लिव्हरमोरमध्येही किरण अगदी क्षीण असताना त्याला पहिलं बळ देणारे जे ४८ छोटे संच आहेत, त्यांत डायोड आहेत. मोठ्या लाद्यांपाशी दिवे आले, कारण तेवढे डायोड विकत घेणं तेव्हा परवडणारं नव्हतं.

मी अडकलो तो या डायोडच्या पट्टीपाशी. पट्टी गॅलियम आर्सेनाइडची. लांबी एक सेंटिमीटर, रुंदी एक-दोन मिलिमीटर, जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. एका कडेने अनेक सूक्ष्म झरोके ओळीने असतात आणि प्रकाश तिथून बाहेर पडतो. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती ही पट्टी शेकडो वॅट देते. त्या कडेवर लेप नीट बसला नाही किंवा कण राहिला, तर कड स्वतःचाच प्रकाश शोषून तापते. तापली की आणखी शोषते, आणि क्षणात वितळून तो झरोका कायमचा मरतो.

कड निभावली तरी सोल्डर उरतोच. उष्णता काढायला पट्टी तांब्यावर बसवायची, पण तापल्यावर तांबं गॅलियम आर्सेनाइडच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं. इंडियमचा सोल्डर मऊ, १५७ अंशांना वितळणारा. दोघांतली ओढाताण तो स्वतः सोसतो, पण तापणं-निवणं कोट्यवधी वेळा झालं की तोच जागचा सरकू लागतो. सोनं-कथिलाचा सोल्डर २८० अंशांना वितळतो आणि घट्ट बसतो. तो सरकत नाही आणि सोसतही नाही. थंड होताना तांबं आक्रसतं आणि पट्टी काही मायक्रॉन वाकते, नाहीतर तडकते. म्हणून मध्ये तांबं-टंगस्टनचा तुकडा घालतात, कारण त्याचं प्रसरण पट्टीशी जुळतं. काही मायक्रॉनचा बाक एवढा कशाला मनावर घ्यायचा? कारण झरोक्यांसमोर एकच बारीक, सरळ भिंग बसवायचं असतं. पट्टी वाकली तर निम्मे झरोके त्याच्या रेषेतून सुटतात.

शिवाय तापमान एक अंशाने चढलं की रंग साधारण ०.३ नॅनोमीटर सरकतो. अशा हजारो पट्ट्या एकत्र लावल्या तर सगळ्यांचा रंग एकच हवा. त्यामुळे खरेदी करणाऱ्याला एक उत्तम पट्टी मिळून भागत नाही, शेवटची पट्टी पहिलीसारखी असावी लागते.

हे जमतं, याचा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. प्रागजवळच्या ‘इलाय बीमलाइन्स’ या केंद्रासाठी लिव्हरमोर ‘हॅपल्स’ हा लेझर बांधत होतं. त्यासाठी ॲरिझोनातल्या लेझरटेल कंपनीने चार डायोड-संच दिले. प्रत्येकी ८०० किलोवॅट, एकूण ३.२ मेगावॅट, सेकंदाला दहा स्पंदांच्या बोलीवर.

वीजकेंद्राची डायोडांची भूक मात्र दहा गिगावॅटच्या घरात किंवा त्याहून मोठी असेल, म्हणजे हॅपल्सच्या तीन हजार पटींहून अधिक. वॅटला एक डॉलर भाव धरला तर नुसत्या डायोडचे दहा अब्ज डॉलर होतात आणि बेत तिथेच मोडतो. वॅटला एक सेंट पडला तर दहा कोटी, आणि मग बोलता येतं. लिव्हरमोरच्या ‘लाइफ’ या आता बंद पडलेल्या वीजकेंद्र-योजनेने असाच सेंटच्या आसपासचा भाव गृहीत धरला होता. आयुष्याचाही प्रश्न आहे. सेकंदाला दहा म्हणजे वर्षाला ३१ कोटींवर स्पंद, आणि पट्ट्या वर्षा-दोन वर्षांत बदलाव्या लागल्या तर स्वस्ताई कागदावरच राहील.

भाव उतरायला कारखाना हवा, कारखान्याला मागणी हवी. मोटारींच्या कारखान्यांत धातू जोडणारे लेझर खपतात म्हणून त्यांचे डायोड स्वस्त झाले, पण ते अखंड चालणारे असतात. संमीलनाला हवे ते क्षणभर प्रचंड प्रकाश देणारे, आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे चार-दोन प्रयोगशाळा. एखादी मोठी मागणी येते, ती पुरी होते, मग कितीतरी वर्षं काहीच येत नाही. तेवढ्यात सोल्डरवर हात बसलेली माणसं दुसरं काम धरतात. जर्मनीत ट्रुम्फ, लेझरलाइन, येनॉप्टिक आणि ‘एएमएस ओसराम’ यांनी संशोधन संस्थांसह ‘डायोहेलिओस’ प्रकल्पात एकत्र येणं हे म्हणूनच मोलाचं. बाजारात एकमेकांसमोर उभे राहणारेही तिथे एका बाकावर बसले आहेत.

कच्च्या मालाचं दुखणं वेगळंच. गॅलियम मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना हाती लागतं, आणि जगातलं जवळजवळ सगळं प्राथमिक गॅलियम चीन काढतो. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला विक्रीच बंद केली. ती बंदी पुढे स्थगित झाली, पण परवान्याची चावी बीजिंगकडेच राहिली.

विक्रमांचं कौतुक मलाही आहे, पण विक्रमाने कारखाना उभा राहत नाही. सरकारांना ही वीज खरंच हवी असेल, तर वीजकेंद्र उभं राहण्याच्या कितीतरी आधी, दरवर्षी ठरावीक पट्ट्या उचलण्याची लेखी हमी त्यांना द्यावी लागेल, आणि सुरुवातीचा महाग माल मुकाट घ्यावा लागेल. अशी हमी कुणी देत नाही, तोवर संमीलनाची वीज ‘आणखी वीस वर्षांनी’ हे उत्तर मी तरी शास्त्रज्ञांच्या माथी मारणार नाही.