दाराची कडी

गेल्या महिन्यात आमच्या माझगावच्या चाळीत शेवटचा सत्यनारायण झाला. चाळ पुनर्विकासाला गेली. अर्ध्या खोल्या आधीच रिकाम्या, जिन्यात बांधाबांधीची खोकी. तीर्थप्रसाद झाल्यावर तळमजल्यावरच्या एका काकांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, "आपल्या चाळीत आजवर एकही घटस्फोट झालेला नाही. आपली माणसं जुळवून घ्यायची." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी भाची बसली होती. पुढच्याच आठवड्यात वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात तिची तारीख होती. तिने शिरा संपवला आणि द्रोण मुठीत चुरगळला. काका तिला उद्देशून बोलले नसतील, पण लागायचं ते लागलंच. म्हणून हा हिशेब.

चाळींच्या जन्माची कथा मी सांगत बसत नाही. 1896 चा प्लेग, मग 1898 चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे ताडवाडीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आमची चाळ खासगी, म्हणून तिला तेवढाही इतिहास नाही. आजोबा साताऱ्याकडून आले, गावकीच्या खोलीत वीस जणांत राहिले, आजी गावी. दोघांनी एकत्र काढलेले महिने बोटांवर मोजता येतील, आणि त्याला तेव्हा सुखाचा संसार म्हणत. पुढे दहा बाय बाराची खोली मिळाली. माझा जन्म 1970 चा. पहिली बारा वर्षं भोंगा, पाणी, पाळी, पगार या चार शब्दांत बसतात.

पहाटे साडेचारला नळ येई. बाबा गिरणीच्या साचाखात्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. खोलीत आम्ही सात माणसं, मधे साडीचा पडदा. नवरा-बायकोने भांडायचं तरी कुठे? आई-बाबा त्यासाठी भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बॅप्टिस्टा बागेत जात. पायाखाली पालिकेचा पाण्याचा हौद, समोर गोदी आणि जहाजं. आजीला सांगून निघायचे, "जरा हवा खाऊन येतो." येताना आईचे डोळे लाल असले की आम्ही समजायचो, हवा जास्त झाली. आज लोक 'दोघांनी स्वतःसाठी वेळ काढा' असं सांगायचे पैसे घेतात. आमच्याकडे तो वेळ बागेचं फाटक बंद होईपर्यंतच असे.

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पहिले दोन-तीन महिने घरात सणासारखं वातावरण. बाबा घरी, गावाहून तांदूळ, संध्याकाळी पत्ते. त्यानंतर आधी भिशी बंद पडली, मग बांगड्या गेल्या, मग वाण्याने उधारीची वही मिटली. संपाचं राजकारण इतरांनी पुष्कळ लिहिलंय, ते मालक आणि ते पुढारी मी त्यांच्यावरच सोडते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे कायद्याने बघाल तर बाबा अजून संपावरच आहेत.

आमच्या गॅलरीत एकाआड एक दारं होती, एक डॉकवाल्याचं, एक गिरणीवाल्याचं. माझगाव डॉक 1960 पासून सरकारी. तिथला पगार ठरल्या दिवशी यायचा. दोन्ही दारांत माणसं त्याच दोन-तीन तालुक्यांतली, पत्रिका जुळवून केलेली लग्नं, सासवा सारख्याच खवट. 1982 पर्यंत दोन्हीकडची भांडणंही सारखीच होती. 1984 पर्यंत डॉकवाल्यांच्या घरी फ्रीज आले आणि गिरणीवाल्यांच्या घरी हात उठायला लागले. संसार स्वभावावर टिकतो असं कुणी म्हणालं की मला ती गॅलरी आठवते. स्वभाव कुणाचे बदलले होते? पगाराचं पाकीट तेवढं थांबलं होतं. सोयरिकीची भाषासुद्धा फिरली. "मुलगा गिरणीत आहे" या वाक्यावर जिथे पूर्वी चहा यायचा, तिथे "मुलगा गिरणीत होता" यावर नुसतं पाणी यायला लागलं.

आईने डबे सुरू केले. लालबागची आत्या आधीपासून खाणावळ चालवायची. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांतली ती एक. तिच्या ओळखीने आईला भांड्यांपुरतं कर्ज मिळालं. आठ डबे, मग चौदा, मग बावीस. बावीस डब्यांच्या चपात्या एका बाईच्या मनगटाला झेपणाऱ्या नव्हत्या.

एके दिवशी पहाटे चारला मला जाग आली, तर बाबा परातीपुढे मांडी घालून कणीक मळत होते. साच्यावर तुटलेला धागा क्षणात जोडणारी बोटं, पण पाण्याचा अंदाज नव्हता. कणीक मनगटापर्यंत चिकटलेली. आई पोळपाटाशी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला उठलेलं पाहून बाबा एवढंच म्हणाले, "दार लाव. कडी घाल."

ती कडी दीड वर्ष रोज पहाटे लागली. कणीक मळून झाली की हात कोपरापर्यंत धुऊन, शर्ट घालून, मगच कडी निघे. एकदा ती नीट बसली नव्हती आणि शेजारची वहिनी साखर मागायला थेट आत आली. बाबा तसेच बसून राहिले, हात परातीत. दुपारपर्यंत चाळभर झालं. नळावर, नाक्यावर, शिमग्याच्या बोंबांतसुद्धा बाबांचं नाव 'पोळीवाली बाई' पडलं. नाव ठेवणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज कुणाचा होता, ते सत्यनारायणाच्या दिवशी माइकवर ऐकलंच. बाबांनी त्या संध्याकाळी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परत परातीपुढे. आई-बाबांचा संसार कशावर टिकला असं कुणी विचारलं, तर मी त्या दुसऱ्या दिवसाकडे बोट दाखवीन.

दोन दारं सोडून असाच बेकार झालेला एक साचेवाला होता. त्याने कशालाच हात लावला नाही. दुपारी मटक्याचा आकडा, संध्याकाळी हातभट्टी, रात्री बायको. गॅलरीत सगळ्यांना ऐकू यायचं. काही घरांतून रेडिओचा आवाज वाढायचा. एक आजी तेवढी वरवंट्याने त्याच्या दारावर ठोकायची आणि म्हणायची, "बाहेर ये, माझ्याशी बोल." आजी होती तोवर तो घाबरून होता. ती वारली त्या वर्षी गौरीला त्याची बायको दोन पोरं घेऊन गावी गेली आणि आलीच नाही. घटस्फोट झाला नाही, हे खरं. अशा तीन जणी गेल्या. चौथीच्या घरी स्टोव्ह भडकला. कागदावर 'अपघात' लिहिलं गेलं. तोही घटस्फोट नव्हे.

कायदे नव्हते असं नाही. छळाचं कलम 498 अ 1983 मध्ये आलं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष काढला. कुटुंब न्यायालयांचा कायदाही त्याच वर्षीचा, मुंबईत ते न्यायालय 1989 मध्ये उभं राहिलं. डॉकयार्ड रोडहून व्हीटी तिसरं स्टेशन, तिथून आयुक्तालय चालत. आमच्या गॅलरीतून कुणी गेलं नाही, कारण परत याच जिन्याने वर चढायचं होतं. स्त्रीमुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे नाटक त्या सुमारास वस्त्यावस्त्यांतून होत होतं. आमच्या उत्सव कमिटीने पडद्यावर सिनेमा लावला.

मग 1992 च्या दंगलींचा डिसेंबर आला. त्याने गॅलरीतली बोलणी कायमची बदलली, पण तो वेगळा लेख. नंतरची वीस वर्षं टीव्ही, मोबाइल आणि सोसायटीच्या मीटिंगांत गेली. 2013 च्या सप्टेंबरात डॉकयार्ड रोडजवळची पालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून 61 माणसं गेली, तेव्हापासून प्रत्येक घरात एकच विषय, खोली सोडायची कधी.

मला चाळ सोडताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आईला टायफॉइड झाला तेव्हा चौदा दिवस बावीस डबे शेजारणींनी वाटून घेतले, आणि त्यांत ती साखरवाली वहिनीही होती. वरवंटा घेऊन दारात उभी राहणारी आजी मला कुठल्याही टॉवरमध्ये दिसत नाही. पण त्या वरवंट्याच्या जिवावर 'आमची माणसं जुळवून घ्यायची' असं जे म्हणतात, त्यांनी जुळवून कोण घेत होतं तेही सांगावं. ज्या काकांनी माइक धरला, त्यांच्या काकू 1984 पासून संगमेश्वरला आहेत.

भाचीचं लग्न घाटकोपरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मोडलं. लोक म्हणतात, आजकालच्या मुलींना सहन होत नाही. मी तिला खोदून विचारलं. घराचा हप्ता दोघांचा होता, दोघांच्या मीटिंगा घरूनच, आणि पोर रात्री रडलं की उठायचं तिनेच. समुपदेशकाने दोघांना एकमेकांचे पाच गुण लिहायला सांगितले. तिने लिहिले. त्यानेही लिहिले. त्या रात्री पोर रडलं तेव्हा परत तीच उठली.

बिल्डरने आई-बाबांना भाड्याने घर दिलंय, चौदाव्या मजल्यावर. आईच्या हातांना आता संधिवात आहे, परात बाबांकडेच आलीये. बाबा ऐंशीचे आहेत, कणीक अजून थोडी सैलच होते. परवा सकाळी मी तिथेच होते. बाहेर मोकळा पॅसेज, चार बंद दारं, कुणाचा पायरव नाही. बाबांनी पीठ घेतलं, पाणी घेतलं, आणि बसण्याआधी उठून एकदा दाराची कडी चाचपून आले.