तेच पाच स्वर

कार्तिकातल्या पहाटे दिंद्रुडसारख्या माजलगाव तालुक्यातल्या गावात काकड्याला बसावं. थंडी असते, विणेकरी उभा असतो, आणि पखवाजवाला डाव्या तोंडावर कणिक थापत असतो. अंगठ्यानं दाबत, मधूनच थाप मारून कानोसा घेत. कणिक थोडी वाढली की नाद खाली उतरतो, खरवडली की वर चढतो. मूठभर ओल्या पिठानं आवाज असा गंभीर होतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. पखवाजाचे थोर वादक शंकरबापू आपेगावकर याच बीड जिल्ह्याचे.

मग भूपाळी सुरू होते. भूपाळी पहाटेची, पण नावानं तिच्याशी जुळणारा भूप हा राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध. सकाळचा देशकारही नेमक्या याच पाच स्वरांचा! मग दोन राग वेगळे कसे? भूप गंधारावर विसावतो, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, म्हणून तो घरी परतल्यासारखा वाटतो. देशकाराचा जीव वरच्या धैवतात. ऋषभाला तो जेमतेम शिवतो आणि ऊन चढावं तसा चढत जातो. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं, की जाणकार लगेच मान वर करतात: देशकार डोकावला! मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच. स्वर तेच सहा, पण मारवा हुरहूर लावतो, पूरिया खोल नेतो आणि सोहनी वरच्या षड्जाभोवती चंचल होऊन फिरते.

म्हणजे भाव स्वरात नाही, स्वराशी आपण कसे वागतो त्यात आहे. कुठं थांबायचं, कुठून यायचं, कशाला नुसतं शिवून पुढं जायचं. गायिका किशोरी आमोणकरांनी आयुष्यभर हाच ध्यास घेतला. ‘स्वरार्थरमणी’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच स्वराचा अर्थ शोधायला निघतं.

ही भाषा न शिकलेल्याला कळते का? 1999 मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी 30 पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांचे 12 तुकडे ऐकवले. रागांची नावंही ठाऊक नसलेल्या त्या कानांनी आनंद ओळखला, दुःख ओळखलं, क्रोधसुद्धा ओळखला. शांती तेवढी त्यांच्या हाती लागली नाही.

हे वाचलं तेव्हा मला भरताची आठवण झाली. त्याच्या नाट्यशास्त्रात मूळ रस आठच मोजले जातात. शांत नववा, तो मागाहून आला. आणि काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हजारेक वर्षांपूर्वी त्यालाच सगळ्या रसांचं मूळ ठरवलं. मला वाटतं, आनंद लयीतून धावत येतो, दुःख लांबलेल्या स्वरातून येतं, पण शांती एखाद्या तुकड्यात मावत नाही. तिला वेळ लागतो. काकड्याला बसलेल्या म्हाताऱ्यांना ती कुणी दाखवावी लागत नाही, कारण ते अंधार असल्यापासून तिथं आहेत. आरती होते, टाळ थांबतात, कणिक सुकायला लागलेली असते. तरी बराच वेळ कुणी उठत नाही.