कमी दिवसांचे बाळ : डोक्याला वायरी कशासाठी?

पाणचक्कीजवळच्या घाटी रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाबाहेर कोणत्याही दिवशी जा, जवळजवळ सारखेच दृश्य दिसते. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली कुटुंबे बसलेली असतात. कोणी दादी तसबीह फिरवत असते, कोणी अब्बा औषधांची चिठ्ठी उलटसुलट करून पाहत असतात. आत काचेच्या पेटीत सव्वा-दीड किलोचे बाळ असते. त्याच्या छातीला आणि पायाला वायरी असतात. काही रुग्णालयांत काही बाळांच्या डोक्यालाही लावतात, आणि तिथेच घरच्यांचा धीर सुटतो. “डोक्याला वायरी कशाला? शॉक देतात की काय?”

नाही. त्या वायरी बाळाला काहीही देत नाहीत, फक्त ऐकतात. छातीवरच्या वायरी हृदयाचे ठोके मोजतात, तशाच डोक्यावरच्या वायरी मेंदूतून निघणाऱ्या अतिशय क्षीण विजेच्या लहरी टिपतात. या लहरी व्होल्टच्या लाखाव्या-दहालाखाव्या भागात मोजतात. पण कमी दिवसांच्या बाळाचे पुढचे आयुष्य कसे असेल, याचे काही इशारे त्यांत असतात. म्हणून हा विषय घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवा.

मेंदूचे काम अर्धवट राहिलेले

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व बाळ म्हणतात. जगात सर्वाधिक मुदतपूर्व बाळे आपल्या देशात जन्मतात. 2020 साली त्यांची संख्या सुमारे 30 लाख होती. म्हणजे ही एखाद्याच घरावर आलेली आगळी आपत्ती नाही.

आईच्या पोटातले शेवटचे तीन महिने मेंदूसाठी फार मोलाचे असतात. 28 आठवड्यांच्या बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या घड्या त्यानंतर भराभर पडत जातात. 34व्या आठवड्यातही मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांशच असते. उरलेली वाढ या बाळाला पोटाबाहेर, उजेडात आणि आवाजात पूर्ण करावी लागते. त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्याही नाजूक असतात. रक्तदाब थोडा खालीवर झाला तरी त्या फुटू शकतात. असा रक्तस्राव बहुधा पहिल्या तीन दिवसांतच होतो. त्यामुळे त्या दिवसांत बाळाला वारंवार हाताळू देत नाहीत. नर्सबाई आत सोडत नाहीत, यात कठोरपणा नसतो, त्यामागे हेच कारण असते.

यंत्र काय सांगते?

माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये घेतली. तीच आजची ईईजी तपासणी. पण ईईजीचा कागद वाचायला तज्ज्ञ लागतो, आणि तो चोवीस तास खाटेपाशी बसू शकत नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील डॉक्टरांनी यावर उपाय शोधला. मोजक्याच वायरी लावायच्या आणि तासाभराची नोंद आकसून काही सेंटिमीटरच्या पट्टीत दाखवायची. हे यंत्र मोठ्या माणसांसाठी बनले होते. पुढे स्वीडन आणि युरोपातल्या डॉक्टरांनी ते नवजात बाळांसाठी वापरात आणले.

कमी दिवसांच्या बाळाची पट्टी आपल्यासारखी सलग नसते. त्याचा मेंदू थोडा वेळ बोलतो, मग गप्प होतो, पुन्हा बोलतो. त्या वयात हे नैसर्गिकच असते. आठवडे जातात तशी ही शांतता कमी होत जाते, आणि पट्टीत झोप व जाग यांचे चढउतार उमटू लागतात. हे चढउतार वेळेवर दिसले की डॉक्टरांना हायसे वाटते. पट्टी फारच सपाट राहिली किंवा अचानक बदलली, तर ते सावध होतात.

सर्वांत महत्त्वाचा उपयोग झटके ओळखण्याचा. मोठ्या मुलाला आकडी आली की घरभर कळते. नवजात बाळाला झटका येतो तेव्हा ते नुसते ओठ चाटते, सायकल चालवल्यासारखे पाय हलवते, एकटक बघते किंवा क्षणभर श्वास थांबवते. अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. औषध दिल्यावर हातपाय हलायचे थांबतात, पण मेंदूतले झटके चालूच राहू शकतात. “बाळ तर शांत झोपलंय, आता घरी नेऊ द्या,” असा हट्ट धरण्याआधी हे आठवावे. शांत दिसणे म्हणजे बरे असणे, असे या बाळांच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

हे यंत्र सगळ्या रुग्णालयांत नसते आणि प्रत्येक बाळाला त्याची गरजही नसते. पण डोक्याची सोनोग्राफी बऱ्याच ठिकाणी होते. टाळू अजून भरलेली नसते, त्या मऊ खिडकीतूनच आत डोकावता येते. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेही नाही. आपल्या बाळाची सोनोग्राफी कधी झाली, पुढची कधी आहे, हे अदबीने पण जरूर विचारा. तो पालकांचा हक्क आहे.

पुण्याचा धडा

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला, आणि तो ती मुले 18 वर्षांची होईपर्यंत नेला. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत निघाली, ही दिलासा देणारी बाब. पण ती पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी होती, आणि शाळेत वाचन व गणितात काही मुले अडखळत होती. म्हणजे बाळ वाचले, घरी आले, मिठाई वाटली, एवढ्याने काम संपत नाही. काही अडचणी पाटी-पेन्सिल हातात आल्यावर कळतात. त्या लवकर ओळखल्या तर व्यायाम, खेळ आणि उपचारांनी मुलाला खूप मदत करता येते.

घरच्यांनी काय करावे?

कानात अजान द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हात स्वच्छ धुऊन, अगदी हळू आवाजात द्यावी. मध, घुट्टी, खजूर यांपैकी काहीही परवानगीशिवाय तोंडात देऊ नये. अकीका आणि केस उतरवणे बाळ सावरल्यावर करता येते. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावे. टाळूवर तेल थापून दाबू नये.

आईचे दूध हे या बाळाचे औषधच आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावर बाळाला उघड्या छातीशी धरावे. याला कांगारू पद्धत म्हणतात. आई थकली तर अब्बांनी, दादीने किंवा नानीनेही धरावे. भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे त्यात दिसले.

सुटी झाल्यावर तपासणीच्या तारखा चुकवू नका. डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासायचा असतो, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. कानांची तपासणीही करून घ्यावी. बाळाचे वय मोजताना लवकर जन्मलेले आठवडे वजा करा. आठ आठवडे आधी आलेले चार महिन्यांचे बाळ दोन महिन्यांच्या बाळासारखे वागले, तर घाबरू नये. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला वर्षभर मोफत उपचार मिळतात, आणि विकासातल्या अडचणींसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. घरी येणाऱ्या आशाताईंनाही सगळे मोकळेपणाने सांगा.

दोष कोणाचा?

शेवटी एक दुखरी गोष्ट. बाळ लवकर आले की घरात कुजबुज सुरू होते : सूनबाईने वजन उचलले, वेळेवर खाल्ले नाही, हिचा पायगुणच तसा. आपल्या फिकहच्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. सहाव्या महिन्यात बाळंत झालेल्या एका स्त्रीवर संशय घेतला गेला, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी कुरआनमधील गर्भधारणा आणि दूध पाजण्याच्या मुदतींचा हिशेब मांडून तिची बाजू घेतली. त्यावरूनच फकीहांनी गर्भाची किमान मुदत सहा महिने मानली. लवकर आलेल्या बाळाच्या आईला दोष देण्याआधी हा प्रसंग आठवावा.

त्या आईला त्या दिवसांत पोटभर जेवण, झोप आणि धीराचा शब्द हवा असतो. तिचे मन शांत असेल तर दूध उतरायलाही मदत होते, आणि त्या दुधावर बाळाचा मेंदू वाढतो. दुआ जरूर करावी, पण उंट बांधून मग तवक्कुल करायला आपल्याला शिकवले आहे. तपासणीची तारीख पाळणे म्हणजे तो उंट बांधणेच आहे.