ट्रॅक्टरच्या चाकातील हवा

निफाड तालुक्याच्या काळ्या जमिनीत सकाळी नांगरट करणारा ट्रॅक्टर दुपारी कांद्याची ट्रॉली जोडून लासलगावच्या बाजाराची वाट धरतो. चाके तीच, परंतु दोन्ही कामांना लागणारी हवा सारखी नसते.

शेतात मागील चाकांत हवा कमी, साधारणतः दर चौरस इंचास १२ ते १६ पौंड, ठेवल्यास टायर पसरून मातीवर अधिक पकड घेतो व जमीनही कमी दबते. ही कपात मात्र बेताचीच हवी. टायर रिमला घट्ट धरून राहतो तो आतील हवेच्या दाबामुळे. हवा फार उतरली आणि नांगराची ओढ वाढली, की रिम पुढे फिरते व टायर मागे राहतो. ट्यूब टायरबरोबर खेचली जाते. तिचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या छिद्रात अडकलेला असतो. तो प्रथम तिरपा होतो आणि अखेर मुळापासून फाटतो. मग ट्यूब नवीच घ्यावी लागते, आणि ट्रॉली भरलेली असेल तर त्या दिवसाचा लिलावही हुकतो. तिरपा व्हॉल्व्ह वेळीच पाहणारा चालक विरळाच.

सडकेवर याच कमी हवेने टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात व चिरतात. म्हणून ट्रॉली जोडण्यापूर्वी उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे हवा वाढवावी. दाब मोजावयाचा तो चाके थंड असताना. धावून तापलेल्या टायरमध्ये मापक वाढीव आकडा दाखवितो, आणि तो पाहून हवा सोडून देण्याची चूक पुष्कळांकडून होते.