रेघोट्यांचा चाळा

गुरुजी धडा सांगत असतात आणि एखादा मुलगा वहीच्या समासात चौकोन, वेलबुट्टी काढीत बसतो. लगेच आवाज चढतो, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" प्रश्न रास्तच आहे, पण त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

हा चाळा मोठ्यांनाही असतो. पारावर बोलणी चालली की मातीत काडीने रेघा ओढणारे गडी आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेर काय नि परंडा काय, कुठेही दिसतील. पोथी ऐकताना आजीबाई वाती वळतात. हात वातीवर असतो, कान पोथीवर. आणि वाचणाऱ्याची ओळ चुकली तर पहिल्यांदा टोकतात त्याच!

इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा या विषयावरचा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ४० माणसांना अडीच मिनिटांचा एक रटाळ टेलिफोन-निरोप त्यांनी ऐकवला. निम्म्यांनी ऐकता ऐकता कागदावरचे चौकोन व वर्तुळे पेन्सिलीने भरली. बाकीच्यांनी नुसते ऐकले. मागाहून अचानक विचारले, तेव्हा १६ नावागावांपैकी पहिल्यांना सरासरी ७.५ आठवली, दुसऱ्यांना ५.८. म्हणजे सुमारे २९ टक्के अधिक!

असे का व्हावे? कंटाळलेले मन मनोराज्यात शिरते आणि एकदा शिरले की ऐकणे सुटते. हाताला हलकेसे काम असले, तर मनाला तिकडे पळण्यास वाव राहत नसावा, असा अँड्रेडबाईंचा तर्क आहे.

मात्र एवढ्यावरून वह्या रंगवा असे कोणी समजू नये. प्रयोग लहान होता, आकृत्या आयत्या होत्या आणि काम फक्त ऐकण्याचे होते. गुरुजी फळ्यावर गणित सोडवीत असता डोळे वहीत असले, तर पायरी सुटणारच. विचार करून मोर काढू लागले, तर तो चाळा राहत नाही. ते दुसरे कामच झाले.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२४ च्या सुमारास 'पूरबी'च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडून पशुपक्ष्यांचे आकार काढले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढे १९३० साली त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन पॅरिसला भरले. प्रत्येक समासातून चित्रकार निघत नाही, हे खरे. तरी शिक्षकबंधूंनी छडी उचलण्याआधी, "मी आत्ता काय सांगितलं?" एवढेच विचारावे. पोराने नीट सांगितले, तर तो समास त्याचा त्याला राहू द्यावा.