रस्त्यावरची गर्दी आणि कॅमेऱ्याची उंची

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र पाहिले नाही असा विद्यार्थी विरळा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत 1888 साली पूर्ण झाली आणि 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. पण तुम्ही स्वतः तेथे उभे राहून छायाचित्र काढू लागलात की निराळाच अनुभव येतो. घुमट चौकटीत बसत नाही, भिंती मागे कललेल्या दिसतात, आणि नेमकी त्याच क्षणी समोरून बस जाते! अशा वेळी बहुतेक जण गर्दीला दोष देतात. खरे म्हणजे दोष गर्दीचा नसतो, आपण निवडलेल्या जागेचा असतो. कसा ते पाहू.

शाळेत तुम्ही समरूप त्रिकोण शिकला आहात. वस्तूची उंची भागिले तिचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, या प्रमाणात तिची प्रतिमा मोठी किंवा लहान होते. हिशेबापुरती इमारतीची उंची 40 मीटर धरा आणि दुमजली बसची साडेचार मीटर. तुम्ही इमारतीपासून 60 मीटरवर उभे आहात आणि बस तुमच्यापासून 10 मीटरवर आहे. इमारतीसाठी 40 भागिले 60 म्हणजे 0.67, बससाठी 4.5 भागिले 10 म्हणजे 0.45. चित्रात बस इमारतीच्या दोन-तृतीयांश उंच दिसणार! आता तुम्ही 30 मीटर मागे सरका. इमारत 90 मीटरवर गेली, बस 40 मीटरवर. नवे आकडे 0.44 आणि 0.11. बस आता इमारतीच्या चौथा हिस्सा आहे. प्रत्यक्षात ती नववा हिस्सा आहे. जितके मागे जाल तितके चित्र खऱ्या प्रमाणाच्या जवळ येईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगाने (म्हणजे 'झूम' करून) हे प्रमाण बदलते असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. भिंग बस आणि इमारत दोन्हींना सारख्याच पटीने मोठे करते. प्रमाण ठरते ते केवळ तुमचे पाय कोठे आहेत यावरून. मागे सरकल्यामुळे लहान झालेले चित्र पुन्हा चौकटभर करणे, एवढेच भिंगाचे काम.

आता कललेल्या भिंतींकडे वळू. घुमट चौकटीत आणण्यासाठी आपण कॅमेरा वर उचलून तिरपा धरतो. त्यामुळे आतील प्रकाशग्राही पृष्ठ भिंतीला समांतर राहत नाही, इमारतीचा माथा पायथ्याच्या मानाने लहान उमटतो आणि उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. उपाय सोपा आहे: कॅमेरा ओळंब्यासारखा सरळ धरा आणि घुमट मावेपर्यंत मागे जा. मात्र कॅमेरा सरळ धरला की क्षितिजरेषा बरोबर चौकटीच्या मध्यावर येते. म्हणजे खालचा अर्धा भाग सगळा रस्ता! रिकामा डांबरी रस्ता पाहण्यात कोणाला रस असणार? तेथे टॅक्सी, डबेवाले, लोकल गाठण्यासाठी धावणारे चाकरमानी, भेळेची गाडी असे काही हवेच. जिला आपण अडचण म्हणत होतो ती गर्दी या जागेसाठी अगदी योग्य आहे.

ही गर्दी आपल्या अर्ध्या भागात राहावी, वर घुसू नये, यासाठी भूमितीतला एक फार सुंदर नियम उपयोगी पडतो. सपाट जमिनीवर, कॅमेरा ज्या उंचीवर असेल त्या उंचीवर क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला छेदते. वस्तू दोन मीटरवर असो की दोनशे मीटरवर. तुम्ही डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून चित्र घेतलेत तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सर्व माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेत येतील. डोक्यांची जणू एक माळच! मागचे लोक पुढच्यांच्या आड जातात आणि हजारांची गर्दी वीस-पंचवीस माणसांची वाटते. साडेचार मीटरची बस मात्र रेषेच्या वर तीन मीटर चढते. ती पाच मीटरवरून गेली तर जवळजवळ सगळी इमारत तिच्या आड जाईल.

आता परवानगी घेऊन एखाद्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत जा. कॅमेरा पाच मीटर उंचीवर आला. बस आता कितीही जवळून गेली तरी ती क्षितिजरेषा ओलांडू शकत नाही! माणसांची डोकीही सुटी होतात: जवळची खाली, दूरची वर. गर्दी खरोखरीची गर्दी दिसू लागते. उलट रस्त्यावर मांडी घालून बसलात तर एखादा पादचारीही घुमटाला भिडेल. (रस्त्यावर बसू नयेच, हे वेगळे सांगायला नको.)

शाळेच्या मैदानावर याचा पडताळा घेता येईल. सारख्या उंचीच्या चार मित्रांना कॅमेऱ्यापासून 3, 6, 12 आणि 24 मीटरवर, एकमेकांच्या आड येणार नाहीत असे उभे करा. एक चित्र डोळ्यांच्या उंचीवरून घ्या आणि एक जमिनीलगत बसून, दोन्ही वेळा कॅमेरा सरळ धरून. पहिले चित्र छापून पट्टीने मोजा. मित्रांच्या उंचीचे प्रमाण 8:4:2:1 यायला हवे. शिक्षकांनी समरूप त्रिकोणांच्या तासाला हा प्रयोग जरूर करून घ्यावा. मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे.

जागेनंतर काळ. माणूस साधारणपणे सेकंदाला 1.4 मीटर चालतो. कॅमेऱ्याची झडप एक-पंचशतांश सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात तो तीन मिलिमीटरही सरकत नाही. चित्र रेखीव येते. पाव सेकंदात तो 35 सेंटिमीटर सरकतो आणि पुसट होतो. काही मिनिटे उघडी ठेवली तर तो उमटतच नाही, कारण कोणत्याही एका ठिकाणी तो पुरेसा वेळ थांबलेलाच नसतो. फोटोग्राफीच्या आरंभी, 1838 साली, लुई दागेर याने पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांपल या वर्दळीच्या रस्त्याचे उंचावरून चित्र घेतले. त्या चित्रात घोडागाड्या नाहीत, पादचारी नाहीत. उमटला आहे तो फक्त बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस! छायाचित्रात आलेला तो बहुधा पहिलाच मनुष्य. गर्दी नकोच असेल तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून ही युक्ती आजही करता येते. मला स्वतःला निर्मनुष्य स्थानक पाहवत नाही, ही गोष्ट वेगळी.

राहता राहिला प्रकाश. टर्मिनसची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, त्यामुळे दर्शनी भाग काळवंडलेला येतो. पण कामावर निघालेले लोक स्थानकातून बाहेर पडतात, त्यांचे चेहरे तुमच्याकडे असतात. दुपार कलल्यावर नक्षीकाम उन्हात उजळते, तेव्हा तीच माणसे घरी परतत असतात आणि तुम्हाला त्यांच्या पाठी दिसतात. दोन्ही एकाच चित्रात हवे असेल तर आकाश पांढुरक्या ढगांनी झाकलेली पावसाळ्यातली एखादी कोरडी सकाळ गाठावी लागेल. ढगांतून विखुरलेला प्रकाश सर्व बाजूंनी येतो आणि सावल्या फिकट पडतात. छत्री मात्र बरोबर ठेवा.